खजुरी, रावस की घोळ? गळाला लागलेला मासा ओळखायचा कसा

तुम्ही दोन फोटो पाठवलेत. पहिल्यात गेल्या रविवारी मार्व्याला गळाला लागलेला हातभर चंदेरी मासा आहे. त्याला मित्र रावस म्हणाला, धक्क्यावरचा एक जण खजुरी म्हणाला, आणि घरी आल्यावर आईंनी ‘अरे, ही तर घोळ’ म्हणत तुकडेही केले. दुसऱ्या फोटोत बादलीतला लिंबासारखा गोल फुगलेला छोटा मासा आहे आणि खाली तुमची ओळ: ‘हा मांजराला घातला तर चालेल ना?’

नाही चालणार. आधी तेवढं बघा, बाकीचं नंतर वाचा. तो केंड आहे. अंगावर नेहमीसारखे खवले नाहीत, पोटाची कातडी खरखरीत, आणि तोंड उघडून बघितलंत तर वर दोन, खाली दोन असे चारच दात, पोपटाच्या चोचीसारखे जुळलेले. त्याच्या काळजात (म्हणजे यकृतात), गाभोळीत आणि बऱ्याच जातींत कातडीतही जे विष असतं, ते उकळून, तळून, आंबटात शिजवून, कशानेही जात नाही. त्यावर उतारा म्हणून औषध नाही. माणूस दगावतो तिथे मांजराचं काय! कागदात नीट गुंडाळून, पिशवीला गाठ मारून, भटकी मांजरं उकरणार नाहीत अशा झाकणाच्या डब्यात टाका. पुढच्या वेळी लागला तर पक्कडीने गळ सोडवून तिथेच पाण्यात परत. आणि एक खूण: झटका नाही, ओढ नाही, तरी दोरी वर घेतल्यावर गळच गायब आणि नायलॉन कात्रीने कापल्यासारखा साफ, असं दोन-तीनदा झालं तर खाली केंड जमलेत असं समजा आणि दहा-वीस पावलं सरका.

आता पहिला फोटो. बाथरूमच्या लादीवर, फ्लॅश मारून काढलेला आणि शेपूट आधीच कापलेलं. तरी त्यात पुरेसं दिसतंय. तोंडाचा कोपरा डोळ्याच्याही मागे गेलाय. डोक्याची वरची रेघ नाकापासून सरळ चढत नाही, डोळ्याच्या वर खोलगट होते आणि मग पाठीचा उंचवटा सुरू होतो. पोटाखालच्या मागच्या परात पुढे तीन काटे मोजता येतात. तुम्ही लिहिलंय की शेपूट ‘पंख्यासारखं गोल होतं असं आठवतं’. आणि मला सगळ्यात पटलेली गोष्ट म्हणजे गळ काढताना तुमचं बोट चिरलं. दाताने नाही, ‘गालाने’ चिरलं असं तुम्हीच म्हणताय. खजुरीच्या कल्ल्याच्या झाकणाची कड करवतीसारखी असते. नवशिका माणूस तिला रोहू-कटल्यासारखं कल्ल्यात बोट घालून उचलायला जातो आणि रक्त काढून घेतो. तेव्हा धक्क्यावरचा माणूस बरोबर होता: खजुरी. पलीकडे अलिबाग-पेणला यालाच जिताडा म्हणतात आणि तिथे खाऱ्या जमिनीतल्या तळ्यांत तो पाळलाही जातो.

पण एका माशाचं नाव कळून तुमचं काम भागणार नाही, कारण पुढच्या रविवारी दुसरंच काही लागेल. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

मी नवीन असताना वरळीच्या खडकांवर एक म्हातारे कोळी काका रोज शेजारी बसायचे. मी दर वेळी विचारायचो, ‘काका, हा पिवळट आहे, म्हणजे कुठला?’ ते वैतागून म्हणायचे, ‘रंग काय बघतोस, तोंड बघ.’ गेली पंचवीस-तीस वर्षं गरवताना, म्हणजे गळाने मासे धरताना, ते वाक्य रोज खरं ठरलंय. खजुरीच घ्या. उघड्या समुद्रात मिळाली तर चांदीच्या भांड्यासारखी, खाडीत तिवरांच्या मुळांत वाढलेली असेल तर पाठ काळपट आणि अंगाला पितळेची छटा. तीच मासळी, पाणी वेगळं. त्यात मासा मेला की दहा मिनिटांत रंग उतरतो, बर्फात गेला की आणखी वेगळा दिसतो. आईंनी घोळ म्हटलं त्यात त्यांची चूक नाही. त्या बाजारातला बर्फावरचा मासा बघून ओळखतात आणि तिथे मोठा, चंदेरी-करडा, जाड खवल्यांचा मासा बरेचदा घोळच असतो. त्यातही बाजारातलं नाव विकायला असतं, ते भावाप्रमाणे सरकतं.

म्हणून मी चारच गोष्टी बघतो आणि त्याही ठरलेल्या क्रमाने: तोंड कुठे आहे, छातीच्या पराखाली काही लोंबतंय का, मागच्या परात किती काटे, शेपटीचा आकार कोणता.

रावस या क्रमात दुसऱ्याच पायरीवर ओळखू येतो. त्याचं नाक तोंडाच्या पुढे आलेलं असतं, जबडा खाली दबलेला, जणू वरचा ओठ वाढून बसलाय. डोळ्यावर काचेसारखा चिकट पापुद्रा. आणि छातीच्या पराच्या खाली सुटे धागे, रेशमाच्या दोऱ्यासारखे. मासा पाण्याबाहेर असला की ते अंगाला चिकटून बसतात आणि दिसत नाहीत, म्हणून बोटाने खालून वर सारा आणि मोजा. रावसाला चार, दाढ्याला पाच. दाढाही याच घराण्यातला, पण अंगाने काळपट आणि वाढला तर भलताच मोठा. शेपूट दोघांचंही खोल दुभंगलेलं, कात्रीसारखं. तुमच्या माशाचं शेपूट गोल होतं, तेव्हा रावस तिथेच बाद. मित्राला सांगा, धागे दाखव, मग बोलू.

एक गंमत सांगतो. खजुरी आणि रावस हे दोन्ही मासे आयुष्याची सुरुवात नर म्हणून करतात आणि मोठे झाल्यावर मादी होतात. म्हणजे तुमच्या हातून कधी दहा-बारा किलोची खजुरी लागली तर ती मादी असण्याचीच शक्यता जास्त, आणि पावसाळ्यात ती खाडीच्या मुखाशी अंडी घालायला आलेली असू शकते. मी त्या दिवसांत मोठी खजुरी सोडतो. तुम्ही काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

आता आईंच्या घोळीकडे. घोळ, कोत आणि छोटे ढोमे हे एकाच कुळातले, आणि त्यांची सगळ्यात सोपी ओळख डोळ्यांनी नाही, कानांनी होते. ढोमा हातात धरला की घशात बेडूक अडकल्यासारखा टर्र-टर्र आवाज करतो. पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायू आपटून तो आवाज निघतो, पाण्यात त्याने एकमेकांना बोलावतात. पहिल्यांदा बादलीत ढोमे टाकले तेव्हा मला वाटलं होतं कोणाचा तरी मोबाईल थरथरतोय. आवाज नाही आला तर मागच्या पराचे काटे मोजा. ढोम्याच्या कुळात तिथे दोनच काटे, खजुरीला आणि तांबीला (ही खडकातली लालसर मासळी, पुढे येईलच) तीन. पाठीवरचा मऊ पर लांबच लांब, शेपटीपर्यंत गेलेला, आणि शेपूट मधोमध टोकदार. घोळीच्या पाठीवर आणि परांवर काळे ठिपके असतात, लहान असताना जास्त ठळक. तरीही शंका उरली तर जेवताना डोकं फोडा. मेंदूच्या दोन्ही बाजूंना पांढरे शंखासारखे खडे निघतील. ते कानातले खडे आहेत, बहुतेक माशांना असतात, पण ढोम्याच्या कुळात ते डोळ्यात भरण्याइतके मोठे. माझ्या आईने असे दोन खडे मसाल्याच्या डब्यात किती वर्षं ठेवले होते, का ते तिलाच माहीत.

घोळीला जो भाव येतो तो मांसाला कमी आणि तिच्या बोताला जास्त, म्हणजे त्या हवेच्या पिशवीला. २०२१ च्या ऑगस्टमध्ये पालघरजवळच्या मुरब्याच्या एका बोटीला दीडशेच्या वर घोळी मिळाल्या आणि लिलावात कोटीच्या पुढे रक्कम गेली, ती बातमी तुम्ही वाचली असेल. गुजरातने २०२३ मध्ये घोळीला राज्यमासा केलं, आपल्याकडे त्याच वर्षी पापलेटला तो मान मिळाला. पण धक्क्यावर बसून रॉडला मोठी घोळ लागणं म्हणजे लॉटरीच. आपल्याला लागतात ते वीतभर ढोमे.

तांब लागली की कळतं. खडकाच्या कडेला किंवा तिवरांपाशी आमिष पडल्यापडल्या खाली ओढ घेते आणि दगडात शिरते, अर्ध्या वेळा दोरी तुटते. वर आली तर पुढे सुळे दिसतील, त्यामुळे बोट तोंडात नको. शेपूट जवळजवळ सरळ कापल्यासारखं. लालसर-तपकिरी रंग असतो खरा, पण पिल्लांवर उभे पट्टे असतात आणि नवखे लोक त्यांना वेगळीच जात समजतात. तिची एक भावकी आहे, सोनेरी अंगाची, पाठीवर मागच्या बाजूला एकच काळा डाग असलेली, ती खाडीत बरीच मिळते. हेकरू किंवा गोबरा म्हणतात तो तांबीपेक्षा जाड ओठांचा, अंग चिकट, शेपूट गोल आणि डोळे वर लावल्यासारखे. आणि करकरा नावालाच जागतो: पकडला की दात घासल्यासारखा करकर आवाज. तोंड लहान, आणि मागच्या पराचा दुसरा काटा भाल्यासारखा जाड. त्याला नीट धरा.

धरण्यावरून आठवलं, कारण ओळखण्यातली घाई सगळ्यात जास्त महागात पडते ती शिंगाळ्यापाशी. मुंबईच्या खाड्यांत गळ टाकणाऱ्याला शिंगाळा चुकत नाही, विशेषतः गढूळ पाण्यात, रात्री, कोलंबीच्या आमिषाला. ओठांभोवती मिशा, अंग गुळगुळीत बिनखवल्याचं, पाठीवर एक आणि छातीच्या दोन बाजूंना दोन असे तीन काटे. हे काटे तो ताठ करतो आणि ते तिथे कुलपासारखे अडकतात, तुम्ही दाबून खाली बसवू शकत नाही. काट्याच्या दोन्ही कडांना उलटे दात आणि वर विषारी आवरण. साधारण १५ वर्षांपूर्वी मढला, रात्री दहाच्या सुमाराला, टॉर्च तोंडात धरून मी एक शिंगाळा सोडवत होतो. मासा उसळला आणि पाठीचा काटा तळहातात, अंगठ्याच्या खालच्या गादीत शिरला. लहानसाच मासा, पाव किलोचाही नसेल. पाच मिनिटांत कळ कोपरापर्यंत आली, मग काखेत. शेजारच्या दवाखान्यात मला बर्फ लावून बसवलं आणि रात्रभर मी खोलीत येरझाऱ्या घातल्या. बर्फ चूक होता. यावर गरम पाणी हवं, सोसवेल तेवढं, ४५ अंशांच्या आसपास. अर्धा ते दीड तास हात त्यात बुडवून ठेवायचा, पाणी निवलं की बदलायचं. पाणी किती गरम आहे ते दुसऱ्या, न दुखावलेल्या हाताने बघायचं, कारण दुखणारा हात चटका ओळखत नाही आणि भाजून निघतो. मग डॉक्टर, धनुर्वाताचं इंजेक्शन, आणि काट्याचा तुकडा आत राहिलाय का ते बघायला एक्स-रे. माझ्या हातात तुकडा राहिला होता. तीन आठवड्यांनी निघाला.

तेव्हापासून थर्मासमध्ये चहा असो वा नसो, गरम पाणी असतं. आणि शिंगाळा लागला की लांब पक्कड, नाहीतर सरळ दोरी कापायची. गळ पाच-दहा रुपयांचा. मिशा आणि वामासारखी निमुळती होत गेलेली शेपटी असा काळा मासा दिसला तर दुप्पट सावध राहा. तो शिंगाळ्याचा चुलत भाऊ आहे आणि त्याचा काटा जास्त वाईट. एकदा मात्र बघायला मिळालं तर बघा: मोठा शिंगाळा वर काढल्यावर कधी कधी तोंडातून गोट्यांएवढी पिवळट अंडी बाहेर टाकतो. त्याने ती खाल्लेली नसतात. नर शिंगाळा अंडी तोंडात धरून पिल्लं होईपर्यंत सांभाळतो आणि तितके दिवस उपाशी राहतो. तो सोडून द्या बुवा.

पाकटाची ओळख सांगायची गरज नाही, सपाट अंग आणि चाबकासारखं शेपूट. पण काटा शेपटीच्या टोकाला असतो ही समजूत घातक आहे. तो मुळाकडच्या भागात, वरच्या बाजूला असतो, त्यामुळे शेपटीचं टोक धरून उचलणं ही चूक. २०१३ च्या गणपतीत गिरगाव चौपाटीवर विसर्जनाला पाण्यात उतरलेल्या कितीतरी लोकांना पाकटांनी डंख केले होते. वाळूत उभं राहून गरवत असाल तर पाऊल उचलून टाकू नका, घासत पुढे न्या, म्हणजे पाकट आधीच हलतं. डंखाला उपाय तोच, गरम पाणी. आणि पुढून पाकट, मागून मुशी असं लांबट काही लागलं, तर तो गिटारफिश. त्यातली मोठी जात वन्यजीव कायद्याने वाघाच्या बरोबरीने संरक्षित आहे. फोटोचा मोह नको, कापा दोरी आणि सोडा.

वाम आणि समुद्रसाप यांतला फरक अंधारात कळला पाहिजे. वामाला डोक्यामागे कल्ल्याची फट असते, छातीला छोटे पर असतात, आणि तोंडात भीतीदायक दात. सापाला पर नाहीत, कल्ले नाहीत, अंगावर खवले, आणि शेपूट वल्ह्यासारखं चपटं. आपल्या किनाऱ्यावर चोचीसारख्या तोंडाचा समुद्रसाप बराच आहे आणि त्याचं विष जहाल. दोरी वर येताना काही वळवळत असेल तर पाण्याबाहेर पूर्ण काढायच्या आधी टॉर्च शेपटीवर मारा, डोक्यावर नाही.

बाकीचे पटकन उरकतो. लांब चोचीचा टोळ: वरचा आणि खालचा दोन्ही जबडे लांब. फक्त खालचाच लांब असेल तर तो दुसरा मासा, त्याचा भाऊबंद. टोळ शिजवल्यावर काटे हिरवे निघतात, घाबरू नका, रंगच तसा असतो, खायला चांगला. बोय म्हणजे चपट्या डोक्याची, लहान तोंडाची, पाण्यावर उड्या मारणारी. ती गळाला क्वचित, जाळ्यालाच जास्त, पण खजुरीला जिवंत आमिष म्हणून तिच्यासारखं काही नाही. मुडदुशी किंवा नगली वाळूच्या किनाऱ्यावर, बोटासारखी गोल, टोकदार तोंडाची, फिकट वाळूच्या रंगाची. लागली तर सोडू नका, रव्यात तळा. होडीतून मांडव्याकडे गेलात तर काटबांगडा लागेल. शेपटीकडच्या बाजूला खवल्यांची करवत हाताला लागली की तो साधा बांगडा नव्हे. आणि सुरमई म्हणून मिरवण्याआधी अंग बघा. उभ्या नागमोडी पट्ट्या असतील आणि अंगावरची रेघ पाठीच्या दुसऱ्या पराखाली एकदम खाली घसरत असेल तर ती मोठी होणारी सुरमई. गोल ठिपके असतील तर तिची लहान बहीण. चवीला तीही काही कमी नाही.

जागा आणि वेळ टिपून ठेवायची सवय लावा, ओळखीचं अर्धं काम तिथेच होतं. मार्वे-मनोरीच्या खाडीत तिवरांशेजारी जे लागतं ते बँडस्टँडच्या खडकांवर लागणार नाही. भरती बघायला मोबाईल आहेच, पण कोळीवाड्यातली रीत सोपी आहे: तिथीची पाऊणपट. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. वहीत तिथी लिहिलीत की भरती आपोआप लिहिली जाते. आणि ठेवायच्या माशाची लांबी मोजा. राज्याने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान आकार ठरवून दिलाय. तो मासेमारी बोटींना डोळ्यांसमोर ठेवून केलेला असला तरी वीतभर सुरमई घरी नेऊन आपल्याला तरी काय मिळणार?

तुमच्या माशाबद्दल एक उरलं: खायला हरकत आहे का. मार्व्याच्या तोंडाशी लागलाय तर मी खाईन. मिठी नदीच्या मुखाशी, माहीमच्या बाजूला लागला असता तर मी स्वतः खाल्ला नसता. तिथे मी गरवतो, पण घरी आणत नाही.

पुढच्या वेळी फोटो असा काढा: मासा ओल्या गोणपाटावर, डोकं डावीकडे, पाठीचा आणि पोटाखालचा पर काडीने उघडून, शेजारी माप म्हणून पाच रुपयांचं नाणं. दुसरा फोटो तोंडाचा, समोरून नाही, बाजूने. तिसरा छातीच्या परांखालचा, धाग्यांसाठी. हे सगळं मासा जिवंत असताना, सावलीत, फ्लॅश बंद करून, मिनिटभरात. आणि आईंना माझा नमस्कार सांगा. म्हणावं, शेपूट शेवटी कापा.